मधल्या फळीतली गाठ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी आडोसा आहे. तीन उभ्या फळ्या, चार बिजागऱ्या आणि वर हिरवा रंग, एवढाच माझा पसारा. तुम्ही मला कधीतरी पाहिले असेल, पण लक्षात ठेवले नसेल. आडोशाकडे कोण बघतो? सगळ्यांना आडोशापलीकडचे बघायचे असते. एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे नंतर हसायला नको. मी भित्रा आहे. माणसे घाबरली, लाजली की माझ्यामागे येतात. मी घाबरलो तर कोणाच्या मागे जाऊ?

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. दवाखान्याला तपासणीच्या खाटेपुढे लावायला आडोसा हवा होता, आणि तोही त्याच दिवशी. दोन फळ्या चांगल्या निघाल्या. तिसऱ्या फळीत बरोबर मध्यभागी सुपारीएवढी काळी गाठ होती, आणि ती गाठ सैल होती. अशी फळी वापरू नये, हे सुताराला कळत होते. पण दुसरी आणायला वेळ नव्हता आणि दवाखान्याचा माणूस दारात उभा होता.

सुताराने गाठीला सरस लावून ती जागच्या जागी बसवली. त्याची सहा वर्षांची लेक शेजारी भुशात खेळत होती. तिने बोट घालून गाठ बाहेर ढकलली आणि भोकाला डोळा लावला.

"बाबा, तुम्ही दिसता मला! पूर्ण दिसता!"

"ते बघायला नाहीये, पोरी. ती माझी चूक आहे. दे इकडे."

तिने आणखी एकदा तोच खेळ केला आणि पाठीत धपाटा खाल्ला. मग सुताराने पुन्हा सरस लावला आणि वरून हिरवा रंग मारला. "रंग चढला की कोणाला कळत नाही," असे तो स्वतःशीच म्हणाला. मला मात्र कळत होते. त्या दिवसापासून माझ्या पोटात ती गाठ आहे आणि तिची भीती आहे.

दवाखान्यातली वर्षे माझ्या सुखाची होती. तिथे एक तरुण नर्सबाई होत्या. एखादी बाई तपासणीसाठी पदर सोडायला बिचकली की नर्सबाई माझ्या कडेवर हात ठेवून म्हणत, "सावकाश होऊ दे. इकडून काही दिसत नाही." मित्रांनो, त्या एका वाक्यावर मी जगलो. माझ्यामागे लोक रडले, जखमा दाखवल्या, कोणाला सांगता येणार नाही असे बोलले. मी सगळे पाहिले आणि कोणाला काही सांगितले नाही. आडोशाला दुसरे काम ते काय असते?

पुढे दवाखान्यात सरकते पडदे आले आणि मला जवळच्या शाळेला देऊन टाकले. शाळेने मला अडगळीच्या खोलीत तुटक्या बाकांच्या मागे उभे केले. उंदरांनी माझा एक पाय कुरतडला. जिन्यावरून पळताना मुलांचे हसणे-ओरडणे ऐकू येई, पण माझ्याकडे कोणी फिरकत नसे. दर काही वर्षांनी मात्र शिपाई यायचा, माझ्यावरची धूळ झटकायचा आणि मला पहिलीच्या वर्गात नेऊन उभा करायचा. त्या दिवशी त्या वर्गात निवडणूक असे. माझ्यामागे एक टेबल, त्यावर शिक्का आणि शाईची गादी. एकेक जण कागद घेऊन यायचा, शिक्का मारायचा, घडी घालायचा आणि जायचा.

माझ्यामागे येऊन लोक काय काय करतात! एक आजोबा आधी केस नीट करायचे, मग शिक्का उचलायचे. एक म्हातारी कागदाला दटावायची, "नीट जा रे बाबा पेटीत." एक गृहस्थ तर नुसते दहा आकडे मोजून कोरा कागद घडी करून न्यायचे. का, ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. रांगेत मात्र सगळ्यांची एकच रड असे. "मत कोणालाही द्या, येणार तोच." "वरच्या वर सगळं ठरलेलं असतं हो, आपण नुसती बोटं काळी करायची." असे म्हणत म्हणत ती माणसे आत येत. पण माझ्यामागे आली की गप्प होत, आणि बहुतेक जण शिक्का मारण्याआधी क्षणभर थांबत. त्या थांबण्याचे मला फार अप्रूप वाटे.

आता त्या वर्षाचे सांगतो. सांगताना अजून बिजागऱ्या करकरतात.

शाळेमागे एक मोठी लाँड्री होती. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी तिथे धुतल्या जात. त्या वस्तीतल्या निम्म्या घरांची चूल त्या लाँड्रीवर चालायची. पण तिचे सोड्याचे गरम पाणी उघड्या गटारातून घरांच्या दारावरून जाई, आणि पोरांच्या पायांना फोड येत. ते पाय वर्षानुवर्षे कोण धूत होते, पट्टी कोण बांधत होते? माझ्या दवाखान्यातल्या नर्सबाई. त्या आता निवृत्त झाल्या होत्या. गटार झाकून घ्यायचेच, असे म्हणून त्या नगरपालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. समोर उभे होते लाँड्रीचे मालक.

मालक स्वतः कोणाला धमकी देत नसत. त्यासाठी त्यांनी एक मुकादम ठेवला होता. चादरींच्या घड्या तो लाकडी फूटपट्टीने मोजायचा, म्हणून इस्त्रीच्या बायका त्याला फूटपट्टी म्हणत, अर्थात त्याच्या पाठीमागे. त्याने सगळ्यांना उभे करून सांगितले होते, "मत गुप्त असतं म्हणे. असू दे की! कोणी कुठं शिक्का मारला ते मला संध्याकाळपर्यंत कळणार. खालच्या चौकोनात ज्याचा हात गेला, त्यानं सोमवारी कामावर यायची तसदी घेऊ नये." कागदावर वरचा चौकोन मालकांचा होता, खालचा नर्सबाईंचा.

निवडणुकीच्या आदल्या दुपारी फूटपट्टी आमच्या वर्गात आला. टेबलांवर अंथरायला धुतलेल्या चादरी द्यायच्या, हे निमित्त. शिपाई खुर्च्या आणायला गेला तसा तो माझ्याजवळ आला. माझ्या फळ्यांवरून त्याने नख फिरवले. मधल्या फळीवर नख अडले. रंगाखाली गाठीभोवती बारीक चीर पडली होती. त्याने अंगठ्याने दाबले आणि इतक्या वर्षांची माझी गाठ टप्पकन खाली पडली. त्याने ती खिशात घातली आणि एक खुर्ची भोकासमोर येईल अशी हातभर सरकवली. ती खुर्ची मालकांच्या बाजूने केंद्रात बसणाऱ्या माणसाची होती. त्या माणसाच्या मांडीवर मतदारांची यादी असते, कोण येऊन गेले त्यावर खुणा करायला.

मला तोंड नव्हते. असते तरी त्या वेळी आवाज फुटला नसता.

सकाळी आठला पहिला आला लाँड्रीचा भट्टीवाला. आडदांड माणूस, मनगटावर भाजल्याचा जुना डाग. तो शीळ घालत आला. भोकातून माणूस दिसत नव्हता, फक्त हात दिसायचा. वर थांबला की खाली गेला एवढेच. पण तेवढे पुरेसे होते. भट्टीवाल्याचा हात सरळ खाली गेला. मित्रांनो, एरवी मी हे तुम्हाला कधीच सांगितले नसते. ते आधीच फुटले, म्हणून सांगतो. पलीकडून पेन्सिल कागदावर दोनदा ओढल्याचा आवाज आला. ती फुली होती. भट्टीवाला शीळ घालतच बाहेर गेला.

मग इस्त्रीच्या बायका येऊ लागल्या. त्यांना भोकाचे काही माहीत नव्हते, पण फूटपट्टीचे शब्द कानात होते. एकीचा हात खालच्या चौकोनावर घुटमळला आणि मग वर गेला. दुसरीने तर डोळे मिटूनच शिक्का मारला. पेन्सिल चालत होती. इकडून काही दिसत नाही, असे समजून त्या माझ्यामागे उभ्या होत्या, आणि मी त्यांना उघड्यावर पाडत होतो. आडोसा असण्याची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

साडेअकराच्या सुमाराला सुताराची लेक आली. ती आता चाळिशीची होती आणि त्याच लाँड्रीत इस्त्री करायची. नवरा वारला होता, म्हातारा बाप तिच्या जिवावर होता. माझ्यामागे येताच तिने सवयीने मधल्या फळीवर हात फिरवला. बापाने केलेली वस्तू दिसली की ती असा हात फिरवतेच. तिचे बोट भोकात गेले.

 ती वाकली आणि सहा वर्षांची असताना लावला होता तसा डोळा भोकाला लावला. पलीकडे तिला एक गुडघा, एक यादी आणि टोक काढलेली पेन्सिल दिसली. ती मागे सरकली. खरे सांगू? मला वाटले, बाई, मार वरच्या चौकोनात आणि जा. तुझी नोकरी राहील, माझा थरकाप थांबेल. भित्र्याचा सल्ला भित्राच असतो.

"बाई, झालं का?" टेबलाशी बसलेल्या, मतदान घेणाऱ्या मुख्य साहेबांनी विचारले. त्यांना सकाळपासून सर्दीने बेजार केले होते.

"शिक्का नीट उमटत नाहीये साहेब. होतंच आहे."

तिने कमरेच्या पिशवीतून एक फडके काढले. त्यात मेणाची वडी होती. गरम इस्त्री कापडाला चिकटू नये म्हणून तिच्या तळाला मेण फिरवतात; त्या कामाची ही वडी इस्त्रीवाल्या बायका सदैव जवळ ठेवतात. तिने वडी मोडली, अर्धा तुकडा तळहातात मळला आणि माझ्या भोकात घट्ट भरला. वरून अंगठ्याने सारखा केला. काम सुताराच्या लेकीला शोभेल असे झाले. मग तिने शिक्का उचलला. कुठे मारला? ते विचारू नका. आता मी पुन्हा आडोसा झालो होतो.

पलीकडे पेन्सिल थांबली. तो माणूस खाकरला, मान वाकडी करून बसला, शेवटी उठला.

"साहेब, जरा पाणी पिऊन येतो."

"पाणी दाराकडं आहे," साहेब शिंकत म्हणाले. "आडोशाजवळून जायचं नाही. बसा जागेवर."

थोड्या वेळाने त्याने पुन्हा उठून पाहिले, आणि साहेबांनी पुन्हा बसवले. संध्याकाळपर्यंत त्याच्या पेन्सिलीला काम उरले नाही. माझ्यामागे मात्र माणसे येत होती, थांबत होती, जात होती. मी प्रत्येक पावलाला दचकत होतो. मेण उन्हाने वितळले तर? कोणी धक्का दिला तर?

मतदान संपले आणि चादरी न्यायला फूटपट्टी आला. पट्टीच्या कोपऱ्याने त्याने भोक उकरले, निघालेले मेण बोटांवर चोळले आणि नाकाजवळ धरले. "इस्त्रीचं मेण," तो हळूच म्हणाला. "म्हणजे आपल्याच घरातलं कोणीतरी." तो हसला आणि जाताना त्याने मला एक लाथ घातली. माझी खालची बिजागरी वाकली. दुखले कमी, धसकाच जास्त घेतला, कारण मेणाच्या वड्यांचे मला माहीत होते. रांगेत बायका बोलताना ऐकले होते. लाँड्री प्रत्येकीला महिन्याच्या एक तारखेला सारखी वडी देते. आज नऊ तारीख. जिची वडी अर्धी, ती चोर.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शिपायाने मला हातगाडीवर घालून सुताराकडे नेले. इतक्या वर्षांनी मी माझ्या जन्माच्या खोलीत आलो. सुतार फार थकला होता. शिपायाने निकालही सांगितला. नर्सबाई हरल्या होत्या, चांगल्याच मतांनी. पण आमच्या वर्गातल्या पेटीत मालकांना निम्मीच मते होती.

"मी म्हणत नव्हतो?" शिपाई गेल्यावर सुतार लेकीला म्हणाला. "सगळं ठरलेलं असतं. म्हणून तर बारा वर्षं मी तिकडं फिरकलो नाही. लायनीत उभं राहून पाय दुखवून घ्यायचे कशाला?" बोलता बोलता त्याने बिजागरी बघायला मला आडवे केले. त्याची नजर मधल्या फळीवर गेली आणि तो थांबला. भोकाच्या कडेला मेण चिकटलेले होते.

"ही गाठ कुणी काढली? आणि हे मेण कसलं?"

लेकीने फडके उलगडून अर्धी वडी त्याच्यापुढे ठेवली. मग सगळे सांगितले. सुतार जमिनीवर बसला.

"माझ्या हातची चूक," तो म्हणाला. "आणि भरतेस तू. उद्या काय करशील?"

"काय माहीत, बाबा. रात्रभर डोळा लागला नाही. आत्याला सांगून बघते." आत्या म्हणजे लाँड्रीतली सगळ्यांत जुनी इस्त्रीवाली. ती कोणाचीच आत्या नव्हती, पण सगळ्या तिला आत्या म्हणत.

आत्याने ऐकून घेतले आणि "बघते" एवढेच म्हणाली. तेवढ्याने माझ्या भीतीचे काय होणार? सोमवारचा अख्खा दिवस मी आणि सुतार समोरासमोर बसून होतो. त्याने सकाळपासून रंधा हातात घेतला होता, पण एक ढलपी काढली नव्हती.

संध्याकाळी दारात पावले वाजली. लेक आली होती, बरोबर आत्या आणि आणखी दोघी. लेकीचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती हसत होती.

फूटपट्टीने सकाळीच एकोणीस जणींना ओळीने उभे केले होते. "आपापली वडी टेबलावर ठेवा." पहिलीने ठेवली. अर्धी. त्याचे डोळे चमकले. दुसरीने ठेवली, तीही अर्धी. तिसरी, चौथी, दहावी. एकोणीस वड्या, एकोणीसच्या एकोणीस अर्ध्या. त्याने पट्टी लावून मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"मग मीच म्हटलं," आत्या सांगत होती, "यंदाचं मेण लवकर झिजतं हो मुकादम. मालकांना सांगा, जरा बरं आणा."

"आणि बाबा, त्यातल्या दोघींनी मालकांनाच मत दिलंय. त्याच सांगत होत्या. तरी वडी मोडली त्यांनी."

"का?" सुताराने विचारले.

"त्यातली एक म्हणाली, आज तुझा हात बघतो, उद्या माझा बघेल."

सुताराने हातातला रंधा खाली ठेवला. मग म्हणाला, "पण हरल्याच ना नर्सबाई? गटार उघडंच ना?"

"हरल्या. गटार उघडंच आहे," लेक म्हणाली. "आणि भट्टीवाल्याला आज सकाळी काढलं. काही कारण सांगितलं नाही."

 मला आठला आलेली शीळ आठवली. मेण साडेअकराला आले, मित्रांनो. साडेतीन तास मी उघडा होतो.

सुताराने दुसऱ्या दिवशी माझे भोक कोरून चौकोनी केले, त्यात सागाची खुंटी ठोकली आणि दोन्ही बाजूंनी घासली. या वेळी त्याने त्यावर रंग लावला नाही. "दिसू दे," तो म्हणाला. "जिथं चूक झाली तिथं लोकांचा हात जाऊ दे."

पुढच्या निवडणुकीला तो स्वतः आला, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून. माझ्यामागे आल्यावर त्याने आधी खुंटी चाचपली, ती हलत नाही हे पाहिले आणि मगच शिक्का उचलला. गटार अजून पुरते झाकलेले नाही. मत दिल्याने सगळे सुधारते, असे मी सांगणार नाही. मी लाकूड आहे, मला तेवढे कळत नाही. मला एवढेच कळते की ज्या हाताची किंमत नसते, तो बघायला कोणी फळीला भोक पाडत नाही.

मी अजून भितोच. मतदानाच्या आदल्या दुपारी पावले वाजली की माझ्या बिजागऱ्या करकरतात. म्हणून तुम्हाला विनवतो, मोठे होऊन माझ्यासारख्या कोणत्याही आडोशामागे आलात, तर आधी फळीवरून हात फिरवा. भोक लागले तर गप्प बसू नका, तुमच्यामागे रांगेत कोणीतरी उभे असते.

आणि एक काम कराल? तो भट्टीवाला त्यानंतर कधीच मत द्यायला आला नाही. हातगाडीवर भंगार गोळा करतो म्हणे, मनगटावर भाजल्याचा डाग आहे. कुठे दिसला, तर त्याला सांगा, भोक बुजवले आहे.